फुगडीतला जोडीचा तोल

दोघींच्या फुगडीत प्रत्येकीने स्वतःचा तोल मुद्दाम सोडलेला असतो. एकटी तेवढी मागे रेलली तर पाठीवर आपटेल. पण समोरचीच्या हातांनी तिला धरलेले असते आणि तिच्या हातांनी समोरचीला. मिठबावसारख्या देवगड-मालवण किनाऱ्यावरच्या गावांत गणपतीच्या दिवसांत बायका-मुली फुगड्या घालतात. पंढरीच्या वाटेवर तर पुरुष वारकरीही घालतात.

शिकताना आधी पकड. हात तिढा देऊन धरायचे, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. घामाने बोटे निसटतात, म्हणून मनगटाची पकड भरवशाची. पायांचे चवडे दोघींच्या मधोमध जवळजवळ, कोपरे ताठ, पाठ सरळ. मग दोघींनी एकदमच रेलायचे. नवशिकी बहुधा इथेच अडते. पडण्याच्या भीतीने ती कमरेत वाकते, हात दुमडून घेते. वजन समोरचीच्या हाती जातच नाही आणि नुसती ओढाताण होते. वजनातल्या फरकाने मात्र काही बिघडत नाही. हातांवरची ओढ दोघींना सारखीच, म्हणून हलकी जास्त रेलते, जड कमी. गरगरण्यामुळे येणारी ओढ वेग दुप्पट झाला की चौपट होते, तेव्हा वेग हळूहळूच वाढवावा.

जोडीचा तोल बॅलेतही लागतो; तिथल्या जोडीच्या नाचाला ‘पा द द’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात रशियात मारियस पेतिपाने त्याला ठरीव घाट दिला: आधी दोघांचा संथ नाच, मग एकेकट्याचे, शेवटी पुन्हा दोघे. काही वर्षे एकट्याने तालीम केल्यावरच विद्यार्थी त्याकडे वळतात, आणि सुरुवात उचलण्याने होत नाही. मुलगी एका पायाच्या टोकावर उभी राहते. तिच्या कमरेला हात लावून तिचा तोल कुठे आहे ते मुलाने ओळखायचे, त्याला धक्का लावायचा नाही. पुढे उचलतानाही ती स्वतः उडी घेते. तो क्षण चुकला तर बळकट मुलालाही ती जड जाते. फुगडीत सांभाळणारी वेगळी नसते, दोघी एकमेकींना सांभाळतात. वजन विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देणे शिकायला फुगडीइतका चोख धडा नाही.

गिरक्या घेताना बॅले नर्तक नजर एका जागी रोखून मान झटकन फिरवतो. फुगडीत नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवावी. दोघी बरोबरच फिरत असल्याने तो स्थिर दिसतो आणि घेरी कमी येते. थांबताना हात सोडायचे नाहीत. आधी वेग उतरवायचा, मग कोपरे दुमडत सरळ उभे राहायचे, आणि दोघींचे पाय स्थिरावले की पकड सोडायची.