पुळ्यांवरील मलमें : निवड आणि विवेक

लहान मुलाच्या नाकाशीं किंवा तोंडाभोंवतीं एखादी पुळी येते, फुटते, आणि तीवर मधाच्या रंगाची खपली धरते. थोड्याच दिवसांत तशा पुळ्या भावंडांच्याही अंगावर दिसूं लागतात. डॉक्टर या विकारास 'इम्पेटायगो' म्हणतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस व स्ट्रेप्टोकोकस हे जंतु त्याचें कारण होत. ज्या घरांत पंचा व उशी सर्व मुलांची एकच, तेथें तो त्वरेनें पसरतो. तेव्हां कपाटांतील कोणतें मलम हातीं घ्यावें, याचा येथें विचार करूं.

सांप्रत दोन मलमें मुख्य मानितात. म्युपिरोसिनचा शोध १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. तें एका जंतूपासूनच मिळतें. फ्युसिडिक ॲसिड बुरशीपासून निघालें असून १९६२ पासून वापरांत आहे. कॉक्रेन संस्थेनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ६८ चांचण्यांच्या आढाव्यांत दोहोंचा गुण सारखाच ठरला. निओमायसिन १९४९ सालचें. परंतु त्यानें कित्येकांच्या त्वचेस ॲलर्जी होऊन खाज सुटते, आणि रोग वाढला असें समजून तेंच मलम अधिक लाविलें जातें. स्टेरॉइडमिश्रित मलम तर याहून फसवें. त्यानें लाली दबते, म्हणून बरें वाटतें. पण त्वचेची जंतूंशीं झुंजण्याची शक्ति क्षीण होते.

दोन मलमें तुल्यबळ, मग कोणतेंही केव्हांही लावावें काय? येथें न्यूझीलंडचा अनुभव बोधप्रद आहे. १९९० नंतरच्या दशकांत तेथें म्युपिरोसिन चिठ्ठीवांचून मिळे. १९९९ सालीं तपासलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या नमुन्यांपैकीं शेंकडा २८ नमुने त्यास दाद देत नव्हते. खुल्या विक्रीस आळा बसल्यावर २०१३ पर्यंत तें प्रमाण ११ वर आलें. मात्र फ्युसिडिक ॲसिडचा खप वाढला, आणि त्यास न जुमानणारे नमुने त्याच काळांत १७ वरून २९ झाले. औषध बदललें, संवय बदलली नाहीं! म्हणूनच कीं काय, २०२० सालीं इंग्लंडच्या नाइस या संस्थेनें, डाग थोडे असल्यास प्रथम शेंकडा १ प्रमाणाचें हायड्रोजन पेरॉक्साइडचें क्रीम सुचविलें. तें प्रतिजैविक नव्हे.

आमच्या मतें मलमाची निवड डॉक्टरांवर सोंपवावी, व घरच्या मंडळींनीं पुढील गोष्टी सांभाळाव्या. कोमट पाण्यानें व साबणानें खपली मऊ करून हलकेच काढावी. मलम पातळ लावावें, आधीं व नंतर हात धुवावे. सांगितलेले दिवस पुरे करावे. उरलेली ट्यूब पुढच्या खरजेसाठीं किंवा शेजारच्या मुलासाठीं जपून ठेवूं नये. आजारी मुलाचा पंचा निराळा ठेवावा, नखें कापावीं. ताप आला, डाग पसरले किंवा पुष्कळ झाले, तर मलमावर विसंबूं नये.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं औषधाइतकेंच मात्रेस व कालास महत्त्व दिलें. नव्या मलमांसही तोच नियम लागू आहे. आज अकारण खर्चिलेला त्यांचा गुण उद्यां नातवंडांस लागेल तेव्हां बाजारांत विकत मिळणार नाहीं.