पंचनाम्यात न मावलेलं दशक

नागोठण्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समधल्या वायुस्फोटाला 5 नोव्हेंबर 2025 रोजी पस्तीस वर्षं झाली. इकडे निडी-रोह्याकडे त्या दिवशी कुणी त्याचं नाव काढलेलं माझ्या कानावर आलं नाही. हे मला फार लागलं.

1986 साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. त्याआधीची गरिबी गोड करून सांगण्यात अर्थ नाही, आणि नंतरची बरीच वर्षं महामार्ग रुंद होण्याच्या गप्पांत गेली. मन अडकतं ते मधल्या दशकात. डिसेंबर 1984 मधल्या भोपाळच्या बातम्या वाचलेली माणसंच नागोठण्याला आंबा नदीकाठी वायूचा कारखाना उभा राहताना पाहत होती. कुणी शंका काढली की गावातले पुढारी विचारत, "पोरांना नोकऱ्या नकोत का?" पोरं लागली, घरांना स्लॅब पडले, हे खरंच आहे. पण शंकेला उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

जुलै 1989 मध्ये हीच आंबा नदी कोपली. जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं, नागोठण्यात पाणी शिरलं. डोंगर बोडके केले म्हणून पाणी एकदम उतरलं, असं जुनी माणसं सांगत होती. दुसऱ्याच वर्षी स्फोट झाला, तीसहून अधिक जीव गेले. पुराला देवाची करणी म्हटलं, स्फोटाला अपघात. म्हणजे जबाबदार कुणीच नाही. 1991 मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आला. दोष सिद्ध न करता भरपाई, हे मोठं पाऊल होतं. पण त्यात मृत्यूला रक्कम लिहिली 25 हजार रुपये. आणि त्यासाठीही आधी अपघात घडावा लागतो. रोह्याच्या कुंडलिका नदीतली मासळी हळूहळू संपते, कातकऱ्याच्या ताटातलं कालवण जातं, म्हाताऱ्याचा खोकला हटत नाही, याचा पंचनामा होत नाही.

आता तोच अन्याय बदलत्या हवामानाच्या रूपाने आभाळातून येतो. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं बेपत्ता राहिली. तिथल्या आदिवासी ठाकूर कुटुंबांनी हवेत धूर तो किती सोडला असेल? इकडे भातानंतरच्या ओलीवर येणारा वाल ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवेने मावा धरतो, आणि कृषी खात्याचा माणूस फवारणी सुचवून जातो.

कारखान्यांसाठीच्या जनसुनावण्या अजून होतात. तिथे नोकऱ्यांचे आकडे वाचले जातात. कारखान्याभोवतीच्या गावांची छाती दरवर्षी तपासून निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ही साधी मागणी मी तिथे केली आहे. ती इतिवृत्तात आलीच नाही.