द्वादशीचे पारणे

कार्तिकी एकादशीस पंढरीत घरोघर वारकरी उतरतात. गतवर्षी आमच्या ओसरीवर एक तरुण शेतकरी, त्याची पत्नी आणि पाच वर्षांची कन्या असे तिघे मुक्कामास होते.

द्वादशीस पारण्याची पाने मांडली. नामघोष झाला. तोच ती माउली म्हणाली, "बुवा, आमच्यात एक रीत आहे. घास घ्यायच्या आधी, देवानं आज काय दिलं ते ज्यानं त्यानं सांगायचं." पित्याने विहिरीस टिकून राहिलेले पाणी सांगितले, मातेने चंद्रभागेचे स्नान. कन्या म्हणाली, "मला भूक लागली!" आईने डोळ्यांस पदर लावला. मागाहून कळले, की श्रावणभर ती पोर विषमज्वराने अंथरुणास खिळली होती. अन्न दिसताच तोंड फिरवीत असे.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली मी चाळीस वर्षे कीर्तनांतून सांगत आलो. वरुणपुत्र भृगू अन्न हेच ब्रह्म असे प्रथम जाणतो. पुढे प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत आनंदापर्यंत पोहोचतो. मात्र त्यानंतर श्रुती पुनश्च अन्नाकडेच वळते आणि अन्नाची निंदा न करण्याचे व्रत सांगते. शिखर गाठल्यावर पायथ्याशी परत का यावे? श्रोत्यांस मी नाना युक्तिवाद ऐकवीत असे. माझे स्वतःचे समाधान काही होत नव्हते. (आणि घरी आमटीत मीठ कमी पडले, की सौभाग्यवतीस दोन शब्द ऐकविल्यावाचून राहवत नसे!)

त्या दिवशीही आमटी अळणीच होती. पोरीने दुसऱ्यांदा भात मागितला. मी मुकाट्याने पान स्वच्छ केले.