धर्मग्रंथ, व्याज आणि समलिंगी संबंध

ख्रिस्ती धर्ममंडळींमध्ये समलिंगी संबंधांवरून गेली काही दशके जो वाद चालू आहे, त्याकडे आपल्याकडील सुशिक्षित वाचक पाश्चात्त्यांचे एक नवे खूळ म्हणून पाहतो. वस्तुतः या वादातील एक प्रबळ पक्ष आज आफ्रिकेत आहे, आणि वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न तर फार जुना आहे. ग्रंथातील निषेध कायम ठेवून तो नेमका कशाचा निषेध आहे, हे पुन्हा ठरविता येते काय? ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न पूर्वी एकदा पैशाच्या व्यवहारात सोडवावा लागला होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या वादात लक्ष घालण्याचे कारण तेच.

प्रथम वादाची हकिकत. १९९८ साली जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने, समलिंगी आचरण धर्मग्रंथाशी विसंगत आहे असा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत केला. पाच वर्षांनी अमेरिकेतील न्यू हँपशर प्रांतात, पुरुष जोडीदारासह उघडपणे राहणारे जीन रॉबिन्सन यांना बिशपपदाची दीक्षा देण्यात आली आणि फूट चव्हाट्यावर आली. २००८ मध्ये परंपरावाद्यांनी जेरुसलेम येथे आपली निराळी परिषद भरविली. २०२३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांची वाट मोकळी केली, तेव्हा आफ्रिका व आशियातील अनेक प्रमुख बिशपांनी कँटरबरीच्या तत्कालीन आर्चबिशपांचे अग्रस्थान मानण्यास नकार दिला. १९७० साली नागपुरात स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही याच अँग्लिकन परिवाराची घटक असल्यामुळे, मुंबई, पुणे व नाशिक येथील तिच्या मंडळ्यांनाही हे भांडण परके नाही. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट मंडळीतून तर २०१९ ते २०२३ या काळात साडेसात हजारांवर स्थानिक मंडळ्या, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, बाहेर पडल्या.

ज्या वचनांवर हे सारे उभे आहे ती मोजकी आहेत: लेवीय पुस्तकातील दोन, पौलाच्या पत्रांतील काही, आणि सदोम नगराच्या विनाशाची कथा. सदोमच्या कथेचा आधार कच्चा आहे, कारण त्या नगराचे पाप म्हणून गर्व, सुबत्ता आणि गरिबांची उपेक्षा यांचा उच्चार यहेज्केल संदेष्ट्यानेच केला आहे. पौलाचा ‘आर्सेनोकोइताय’ हा शब्द अधिक अवघड. १९४६ च्या एका प्रतिष्ठित इंग्रजी भाषांतराने तेथे ‘होमोसेक्शुअल्स’ हा शब्द घातला आणि १९७१ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. मुळात हा आधुनिक शब्द छापील रूपात प्रथम आला तो १८६९ साली, जर्मन भाषेत. सुधारक म्हणतात, पौलाच्या डोळ्यांपुढे गुलामांचा व कोवळ्या मुलांचा उपभोग होता. एकनिष्ठ सहजीवन नव्हते. परंपरावादी उत्तर देतात की, हा शब्द लेवीयाच्या ग्रीक भाषांतरातील ‘पुरुष’ व ‘शय्या’ या दोन शब्दांच्या जोडणीतून घडलेला दिसतो, तेव्हा त्याचा रोख उघड आहे. हे उत्तर मला वजनदार वाटते. निव्वळ व्युत्पत्तीच्या बळावर सुधारकांना ही बाजू जिंकता येईल असे दिसत नाही.

त्यांचे खरे बळ व्याजाच्या इतिहासात आहे. बायबलमधील व्याजाचा निषेध काही कमी कडक नाही. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात व्याज घेणारा ‘अमंगळ’ कृत्ये करणाऱ्यांच्या यादीत येतो आणि त्याला देहान्त सांगितला आहे. लेवीयाने समलिंगी कृत्यासाठी योजलेला हिब्रू शब्दही तोच आहे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला. व्याज घेणे पाप नाही असा हट्ट धरणारा पाखंडी समजावा, असे व्हिएनच्या परिषदेने १३११-१२ मध्ये ठरविले. पुढे १५४५ मध्ये कॅल्व्हिनने एका पत्रात निराळा विचार मांडला: नाडलेल्या गरिबाला पिळणे हे पाप, पण व्यापाऱ्याने नफ्यासाठी घेतलेले कर्ज हा वेगळाच व्यवहार होय. रोमने १७४५ सालीही जुना निषेध पुन्हा उच्चारला, मात्र १८३० नंतर कायदेशीर व्याज घेणाऱ्यांना छळू नये अशा सूचना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना दिल्या. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेत अशा व्याजाला जागा मिळाली. वचन एकही बदलले नाही. ते कोणाला लागू आहे, हे बदलले.

परंपरावादी येथेही निरुत्तर होत नाहीत. परक्याकडून व्याज घेण्याची मुभा अनुवाद पुस्तकातच आहे. समलिंगी संबंधांबाबत अशी फट ग्रंथात कोठे आहे? शिवाय विवाहाविषयी बोलताना ख्रिस्ताने नर व नारी यांच्या निर्मितीचाच दाखला दिला. तुलनेची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. रिचर्ड हेज या नामांकित अभ्यासकाने ती जाणली असावी. १९९६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी परंपरागत मत मांडले होते. २०२४ मध्ये पुत्रासह लिहिलेल्या पुस्तकात ते सोडले, परंतु त्या मोजक्या वचनांचा नवा अर्थ सांगत ते बसले नाहीत. परराष्ट्रीयांना मंडळीत घेताना पहिल्या ख्रिस्ती पिढीने जुना नियम कसा ओलांडला, यावर त्यांनी भर दिला.

एक भेद मात्र दोन्ही पक्ष टाळतात. व्याजाचा अर्थ बदलला तेव्हा बदल मागणारे व्यापारी आणि राजे होते. खुद्द पोपांचे व्यवहार फ्लॉरेन्सच्या मेदिची पेढीतून होत. समलिंगी माणसांच्या पाठीशी अशी पेढी नव्हती. आफ्रिकी बिशपांची तक्रारही समजण्यासारखी आहे. बहुपत्नीक पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये असे १८८८ च्या लँबेथ परिषदेने सांगितले आणि तो नियम शंभर वर्षांनी, १९८८ साली, सैल केला. मधल्या काळात आफ्रिकेतील किती कुटुंबांना त्याची किंमत मोजावी लागली असेल! ज्यांना विवाहाबाबत कडक वाचन शिकविले, त्यांनाच आता इंग्लंड व अमेरिका सैल वाचन शिकवू पाहतात.

तथापि या तक्रारीने युगांडात घडले त्याचे समर्थन होत नाही. तेथे २०२३ च्या कायद्याने समलिंगी संबंधांना आजन्म कारावास, आणि काही प्रकारांना मृत्युदंड ठेवला. तेथील अँग्लिकन आर्चबिशपांनी, मृत्युदंडाऐवजी आजन्म कारावास असावा एवढी पुस्ती जोडून, कायद्याचे स्वागत केले. १९९८ च्या ज्या ठरावाचा दाखला हे बिशप देतात, त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचे वचन आहे आणि त्यांच्याविषयीच्या अविवेकी भयाचा निषेधही आहे. परंपरेच्या बाजूने मत देणाऱ्या बिशपांना आज विचारायला हवे ते ठरावाच्या या दुसऱ्या भागाविषयी.