हृदयाच्या स्नायुपेशीतील क्लोराइड वाहिन्या

हृदयाच्या ठोक्यामागील विद्युतक्रिया शिकताना आपण बहुधा सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम या आयनांपाशी थांबतो. हे तिन्ही धनभारित आहेत. ऋणभारित क्लोराइडसाठीही हृदयपेशीच्या पटलात वाहिन्या असतात. विशेष म्हणजे एकच क्लोराइड वाहिनी ठोक्याच्या एका टप्प्यात पेशीला उत्तेजनाकडे नेते, तर दुसऱ्या टप्प्यात विश्रांतीकडे. असे का होते ते या टिपणात पाहू.

समतोल विभव

पेशीबाहेरील द्रवात क्लोराइडची संहती लिटरला सुमारे ११० मिलिमोल असते. आतील संहती २० मिलिमोल धरू. नर्न्स्ट समीकरणानुसार, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला,

क्लोराइडचा समतोल विभव = −६१ × लॉग (बाहेरची संहती ÷ आतील संहती)

११० ÷ २० = ५.५ आणि त्याचा लॉग ०.७४. म्हणून उत्तर सुमारे −४५ मिलिव्होल्ट. पटलावरील विभव एवढा असताना जितके क्लोराइड आत येते तितकेच बाहेर जाते.

हातापायांच्या स्नायूंत हा आकडा विश्रांती विभवाच्या जवळ असतो, त्यामुळे तेथे क्लोराइड पेशीला स्थिर ठेवतो. हृदयपेशी मात्र वाहक प्रथिनांच्या साहाय्याने क्लोराइड आत घेते आणि त्याची पातळी चढी ठेवते.

एकच वाहिनी, दोन दिशा

आता दोन टप्पे तपासा.

१. विश्रांती (सुमारे −८५ मिलिव्होल्ट) : पेशीचा आतील भाग −४५ पेक्षा अधिक ऋण आहे. वाहिनी उघडली की क्लोराइड बाहेर जाते, आतील ऋणभार घटतो आणि पेशी उत्तेजनाकडे सरकते. या वेळी पोटॅशियमच्या वाहिन्या पेशीला घट्ट धरून असतात, म्हणून एरवी हा परिणाम लहान राहतो.

२. क्रिया विभवाचे पठार (सुमारे +१० मिलिव्होल्ट) : आता क्लोराइड आत शिरते, ऋणभार वाढतो आणि पठार लवकर संपते.

वाहिनी केव्हा उघडते?

काही वाहिन्या पेशी फुगल्यावर उघडतात, काही आतील कॅल्शियम वाढल्यावर. तिसरा प्रकार ॲड्रेनलिनशी जोडलेला आहे. १९८९ साली दोन संशोधकगटांनी गिनीपिगच्या निलयपेशींत हा प्रवाह नोंदवला. ॲड्रेनलिनमुळे पेशीत सायक्लिक एएमपी वाढते, त्याने प्रोटीन कायनेज ए कार्यरत होते आणि वाहिनी उघडते. ही वाहिनी म्हणजे सीएफटीआर. याच प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे सिस्टिक फायब्रोसिस हा आजार होतो. हृदयातील तिचे प्रमाण प्राण्यागणिक आणि हृदयाच्या भागागणिक बदलते.

तिचा उपयोग काय? मिनिटाला ७२ ठोके असतील तर एका ठोक्याला ०.८३ सेकंद मिळतो, १५० असतील तर फक्त ०.४ सेकंद. ॲड्रेनलिनने कॅल्शियमचा प्रवाह वाढून पठार लांबू पाहते. त्याच वेळी पोटॅशियम आणि क्लोराइडचे प्रवाह ते आखडते घेतात. म्हणून वेग वाढला तरी हृदयाला रक्ताने भरायला वेळ उरतो.

ॲड्रेनलिनचा पूर येतो तेव्हा

कोकणातील लाल विंचवाचे विष नसांमधील सोडियम वाहिन्या वेळेवर बंद होऊ देत नाही. परिणामी ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन रक्तात प्रचंड प्रमाणात उतरतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाची हृदयावरील लक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पुढे प्राझोसिनचा उपचार रूढ केला. हे औषध क्लोराइड वाहिनी बंद करत नाही. ते अल्फा ग्राही अडवून आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचा भार उतरवते. सीएफटीआर उघडणारा संदेश बीटा ग्राहींकडून येतो. परीक्षेत या दोन वाटांची गल्लत करू नका; रुग्णापाशी तर मुळीच नको.

स्वतः करून पाहा

पेशीतील क्लोराइड ३० मिलिमोल झाले, तर समतोल विभव किती होईल? उत्तर सुमारे −३४ मिलिव्होल्ट येईल. म्हणजे विश्रांतीच्या वेळी उत्तेजनाकडे नेणारी ओढ वाढेल आणि पठार आखडणारी ओढ कमी होईल. लय बिघडण्याला दोन्ही बदल पोषक आहेत. म्हणून क्लोराइड वाहिनीचा परिणाम सांगण्यापूर्वी दोन आकडे विचारा : पटलावरील विभव किती आणि पेशीत क्लोराइड किती?