घरातील गुरू

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपूजेची पुण्यतिथी. या दिवशी आपण गुरुदर्शनासाठी मठ-मंदिरांची वाट धरतो. परंतु गुरू पुष्कळदा आपल्याच घरात, आपल्याच पंक्तीला बसलेला असतो. नाशिककरांना याचा दाखला दूर शोधावयास नको. त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, ते निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि तेच त्यांचे सद्गुरू. संन्याशाची मुले म्हणून समाजाने दूर लोटलेल्या त्या भावंडांची पाठशाळा घरातच भरली. घरातील त्या उपदेशातून गीतेचा अर्थ साऱ्या मराठी जनांस खुला झाला. घरातील गुरूची विद्या घरापुरती राहत नाही, ती अशी.

अलीकडच्या काळात या परंपरेची आठवण करून देणारे शिक्षक म्हणजे साने गुरुजी. त्यांची पहिली गुरू त्यांची आई. कोकणातील पालगडची ही माउली १९१७ साली निवर्तली. पुढे १९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालयात ते मुलांचे नुसते पर्यवेक्षक नव्हते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे ही कामे ते मुकाट्याने करीत. स्वतःचा संसार न मांडलेल्या या शिक्षकाने छात्रालयालाच घरपण दिले आणि आईकडून मिळालेला वारसा त्या परक्या लेकरांना वाटला.

स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. त्यानंतर नाशिकच्या कारागृहात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत, ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांच्या लेखणीतून उतरला. आपल्या नगरीच्या पुण्यसंचयात या घटनेचीही गणना व्हावयास हवी.

या ग्रंथातील धडे किती साधे आहेत पाहा! स्नानानंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामला आई आपले लुगडे पसरून देते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे समजावते. दुसऱ्या एका प्रसंगी, अस्पृश्य मानलेल्या वृद्धेच्या डोईवर मोळी चढवावयास ती आपल्या मुलाला पाठवते. घरी येऊन स्नान कर, असेही सांगते. रूढी तिला सर्वस्वी मोडता आली नाही. परंतु त्या काळच्या एका सोवळ्या घरातील स्त्रीने उचललेले ते पाऊल लहान नव्हते. पुढचे पाऊल मुलाने टाकावयाचे होते.

त्याने ते टाकले. आपल्या नाशकातच काळारामाच्या दर्शनासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता, आणि वर्षानुवर्षे चालूनही ते द्वार उघडले नव्हते. पंढरीच्या विठ्ठलाचे द्वारही तसेच बंद होते. ते हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सोडले. त्या एका मोळीचा धडा असा विठुरायाच्या महाद्वारापर्यंत जाऊन पोहोचला.

आयुष्याच्या अखेरच्या काळातही त्यांच्यातील घरचा शिक्षक जागाच होता. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने प्रसिद्ध आहेत. फुले-पाखरे, संतांच्या कथा, पुस्तके, देशातील घडामोडी, सारे काही काकाच्या मायेने तिच्यापुढे उलगडले आहे. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. ती पत्रे आजही कितीतरी घरांतून वाचली जातात.

आपल्याही घरी निवृत्त शिक्षक असलेले आजोबा असतील, शाळेत शिकविणारी आत्या किंवा मावशी असेल. अक्षर वळणदार काढावे, दुसऱ्याची वस्तू विचारल्यावाचून घेऊ नये, ताटात अन्न टाकू नये, हे त्यांनीच आपल्याला शिकविले. आज त्यांच्या चरणी फूल वाहावे, नमस्कार करावा. परंतु कामाला येणाऱ्या बाईसाठी आपल्या घरी अजून निराळा पेला ठेवलेला असेल, तर आधी तो पेला उचलावा, तिला आपल्याच भांड्यातून पाणी द्यावे आणि मग गुरुपूजेस बसावे. घरातील गुरूला याहून मोठी दक्षिणा ती कोणती?