रोजगार हमी आणि तिचा वित्तपुरवठा

उदार कल्याणयोजना दीर्घकाळ टिकतात काय, हा प्रश्न मराठवाड्यास नवा नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या पुढाकाराने विस्तारलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या अधिनियमाने मजुराचा हक्क बनली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला व तितकीच रक्कम राज्याने घालावी असे ठरले. भार मुख्यतः मुंबईच्या नोकरदार-व्यापाऱ्यांवर, लाभ नांदेड-लातूरसारख्या भागास. मराठवाड्यात पाऊस हुकला तरी मुंबईचे वेतन हुकत नाही. किंबहुना ही अवर्षणाविरुद्धची विमायोजनाच होय. शिवाय सुगी साधली की मजूर शेताकडे वळतो आणि खर्च आपोआप उतरतो.

तथापि १९८८ मध्ये मजुरी सुमारे दुप्पट होताच मनुष्यदिन घटले. हक्क कागदावर अबाधित राहिला, कामे काढण्यात मात्र हात आखडला गेला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. योजना टिकली खरी, पण तिची किंमत काम न मिळालेल्या मजुराने मोजली.

२०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १,५०० रुपयांमागे असा राखीव कर नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील तिची ३६,००० कोटींची तरतूद चांगल्या पावसानेही उतरणारी नाही.